नेमणुकीतील भेदभाव : एका गूढलिंग व्याधीचे निदान

'सहायक वैद्य पाहिजे. शिक्षण बी.ए.एम.एस. पुरुष उमेदवारास प्राधान्य.' अशी जाहिरात आपल्यापैकी बहुतेकांनी वाचली असेल, काहींनी दिलीही असेल. तीत काही वावगे आहे, असे वाचणाऱ्यास सहसा वाटत नाही. प्रस्तुत लेखकासही वाटले नव्हते; कारण एकेकाळी अशीच जाहिरात त्याने स्वतःच्या चिकित्सालयासाठी दिली होती.

त्या वेळी मुलाखतीस आलेल्यांत एक वैद्य भगिनी होत्या. पंचकर्मात पदव्युत्तर शिक्षण, रुग्णालयातील दोन वर्षांचा अनुभव आणि बोलण्यात आत्मविश्वास होता. मी त्यांना विचारले, लग्न केव्हा झाले? यजमान काय करतात? पुढे मुलाबाळांचा काय विचार आहे? रात्री थांबावे लागले तर घरचे परवानगी देतील ना? त्यानंतर आलेल्या तरुण वैद्यास मी यांपैकी एकही प्रश्न विचारला नाही. त्याचेही नुकतेच लग्न झाले होते. नेमणूक त्याची झाली. आठ महिन्यांनी स्वतःचे चिकित्सालय थाटण्यासाठी तो सोडून गेला. त्याचे जाणे स्वाभाविकच होते. 'ती मध्येच सोडून जाईल' या भीतीने ज्या भगिनींना मी नाकारले, त्या पुढे कोठे गेल्या, हे मला ठाऊक नाही. मी त्यांच्यावर अन्याय करीत आहे, असे त्या दिवशी माझ्या मनातही आले नव्हते. या विषयाकडे मी गंभीरपणे वळलो तो याच कारणामुळे.

ज्या रोगाची लक्षणे प्रकट नसतात, त्यास आपण गूढलिंग व्याधी म्हणतो. नेमणुकीतील भेदभाव हा तसाच व्याधी आहे. नाकारलेल्या उमेदवारास कारण कधी कळत नाही आणि नाकारणाऱ्यास आपण भेद केला असे वाटत नाही. म्हणून या सामाजिक व्याधीचा विचार आपल्या परिचित निदानपंचकाच्या क्रमाने करून पाहावा, असा या लेखाचा हेतू आहे.

निदान

भेदभावाची कारणे शोधताना अर्थशास्त्रज्ञांनी प्रामुख्याने दोन हेतू सांगितले आहेत. गॅरी बेकर यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पहिला हेतू मांडला. काही मालकांना विशिष्ट समाजाच्या माणसांचा सहवासच नको असतो, आणि त्या नावडीपोटी ते स्वतःचे आर्थिक नुकसानही सोसतात. दुसरा हेतू एडमंड फेल्प्स व केनेथ अ‍ॅरो यांनी १९७२-७३ च्या सुमारास मांडला. मालकाच्या मनात द्वेष असतोच असे नाही. परंतु समोरच्या व्यक्तीविषयी पुरेशी माहिती नसल्यामुळे तो तिच्या गटाविषयीचा आपला समज त्या व्यक्तीवर लादतो. 'बायका बाळंतपणानंतर काम सोडतात', 'अमुक समाजाची मुले टिकून राहत नाहीत' ही विधाने या दुसऱ्या प्रकारातील होत.

आपल्या परिभाषेत पहिल्यास रागद्वेषजन्य, तर दुसऱ्यास अपुऱ्या परीक्षेतून उद्भवलेला म्हणता येईल. दोहोंच्या मुळाशी प्रज्ञापराध आहे. बुद्धी, धैर्य व स्मृती ढळल्यामुळे माणूस अहिताला हित समजून कर्म करतो, ते हेच. मात्र दुसरा प्रकार अधिक फसवा आहे. तो व्यवहारज्ञानाचा वेश घेऊन येतो, आणि सज्जन माणसेही त्यास बळी पडतात.

पूर्वरूप

रोग प्रकट होण्याआधी पूर्वरूपे दिसतात. येथील पूर्वरूपे मुलाखतीच्या खोलीत ऐकू येतात. 'गाव कोणते?' या प्रश्नापाठोपाठ 'तेथे कोणत्या आळीत?' हा प्रश्न येतो. आडनावावरून उलगडा झाला नाही, तर वडिलांचा व्यवसाय, मामांचे आडनाव अशी विचारपूस होते. वरवर पाहता ही आपुलकीची चौकशी असते; प्रत्यक्षात ती जातीची चाचपणी असते.

सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी दिल्ली परिसरातील पंचवीस कंपन्यांच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांशी बोलून केलेला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. आम्ही केवळ गुणवत्ता पाहतो, असे हे अधिकारी आवर्जून सांगत होते. त्याच वेळी, उमेदवाराची 'कौटुंबिक पार्श्वभूमी' विचारणे त्यांना अगदी आवश्यक वाटत होते. वडील काय करतात, भावंडे किती शिकली, घर शहरात की खेड्यात, यावरून माणूस ओळखता येतो, अशी त्यांची श्रद्धा होती. ज्या घरातील पहिलीच पिढी पदवीपर्यंत पोहोचली, त्या घरच्या मुलास या प्रश्नांची 'योग्य' उत्तरे देता येणे शक्य नसते. तो काय शिकला, हा प्रश्न येण्यापूर्वीच तो कोणाच्या घरी जन्मला, याला गुण मिळालेले असतात.

स्त्री-उमेदवारांच्या बाबतीत पूर्वरूपे याहून उघड असतात. लग्न, सासर, मूल, रात्रपाळी हे प्रश्न त्यांच्या वाट्याला हमखास येतात. पुरुषास तेच प्रश्न विचारले, तर तो चकित होईल.

रूप

व्याधीची रूपे देशकालानुसार पालटतात. त्यांतील काही इतिहासात नोंदलेली आहेत.

वंशावरून नोकरी नाकारण्याचे आपल्या महाराष्ट्राशी थेट संबंध असलेले एक उदाहरण लष्करभरतीचे आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात महार समाजाचे शिपाई मोठ्या संख्येने होते. कोरेगाव येथील १८१८ च्या लढाईच्या स्तंभावर त्यांची नावे कोरलेली आहेत. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात 'लढाऊ वंश' नावाचा सिद्धान्त ब्रिटिश अधिकाऱ्यांत मान्यता पावला. शौर्य हा व्यक्तीचा गुण नसून वंशाचा आहे, असे या सिद्धान्ताचे सार होते. त्याचा परिणाम म्हणून १८९० च्या दशकाच्या आरंभी महारांची भरती थांबविण्यात आली. ज्यांच्या वडिलांनी व आजोबांनी निवृत्तिवेतन मिळेपर्यंत चाकरी केली होती, त्यांची मुले एका आदेशाने अपात्र ठरली. गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये सरकारकडे अर्ज केला. पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. पहिल्या महायुद्धात गरज पडल्यावर महारांची पलटण उभारली गेली आणि गरज सरल्यावर १९२१ मध्ये ती मोडण्यात आली. महार रेजिमेंट स्थापन होण्यास १९४१ साल उजाडावे लागले. मधल्या अर्धशतकात माणसे तीच होती. परीक्षकांचा ग्रह तेवढा पालटत राहिला.

स्त्रियांच्या बाबतीत स्वतंत्र भारताच्या शासकीय नियमांतही हा व्याधी लिहिलेला होता. परराष्ट्र सेवेच्या नियमांनुसार स्त्री-अधिकाऱ्यास विवाहापूर्वी शासनाची लेखी परवानगी घ्यावी लागे, आणि विवाहामुळे कामात अडथळा येईल असे शासनास वाटल्यास तिला राजीनामा देण्यास सांगता येत असे. सी. बी. मुथम्मा यांनी त्याविरुद्ध दाद मागितली. १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी या नियमांतील विषमतेवर कठोर टीका केली. संसार जर कामाच्या आड येत असेल, तर तो पुरुषाच्याही येऊ शकतो, हा त्यातील साधा तर्क होता. हवाई सुंदरींना पहिल्या गरोदरपणातच सेवेतून दूर करणारा नियम १९८१ मध्ये याच न्यायालयाने रद्द केला. मुंबईतील मॅकिनन मॅकेन्झी कंपनीतील स्त्री-लघुलेखकांना पुरुष लघुलेखकांहून कमी वेतन मिळत असे. १९८७ च्या निकालाने ते समान कामासाठी असमान वेतन ठरले.

यांपैकी एक प्रकरण आपण वैद्यकांनी विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे. नीरा माथुर विरुद्ध भारतीय आयुर्विमा महामंडळ या खटल्याचा निकाल १९९१ मध्ये लागला. सेवेत प्रवेश करताना भरावयाच्या घोषणापत्रात स्त्री-उमेदवारांना मासिक पाळी नियमित आहे काय, शेवटची पाळी कोणत्या दिवशी आली, किती वेळा गर्भधारणा झाली, आता गरोदर आहात काय, असे प्रश्न विचारलेले होते. परिवीक्षाकाळात प्रसूतिरजा घेतलेल्या या कर्मचारी स्त्रीस, घोषणापत्रात खोटी माहिती दिल्याचे सांगून काढण्यात आले होते. न्यायालयाने तिला पुन्हा कामावर घेण्याचा आदेश दिला, आणि हे प्रश्न स्त्रीच्या प्रतिष्ठेला बाधक असल्याने ते रकाने वगळण्यास महामंडळास सांगितले.

पाळीचा इतिहास आपण रोज विचारतो. त्याशिवाय स्त्रीरोगाची चिकित्सा होऊ शकत नाही. परंतु तोच प्रश्न रुग्णाच्या हितासाठी विचारणे वेगळे आणि तिची नोकरी नाकारण्यासाठी विचारणे वेगळे. नोकरीपूर्व तपासणीचे प्रमाणपत्र देताना आपण कोणासाठी व कशासाठी परीक्षण करीत आहोत, याचे भान वैद्याने ठेवले पाहिजे. उमेदवार नेमून दिलेले काम करण्यास शरीराने समर्थ आहे की नाही, एवढेच सांगणे हे आपले काम आहे. तिच्या गर्भाशयाचा वृत्तान्त मालकास कळविणे हे आपले काम नव्हे.

अमेरिकेतही असाच प्रश्न न्यायालयापुढे आला होता. शाळेत न जाणारी लहान मुले असलेल्या स्त्रियांचे अर्ज घ्यायचेच नाहीत, असे फ्लोरिडातील मार्टिन मॅरिएटा कंपनीचे धोरण होते. तशीच मुले असलेले पुरुष मात्र त्या कंपनीत कामाला होते. आम्ही स्त्रियांना नाकारीत नाही, कारण आमच्याकडे अनेक स्त्रिया आहेत, असा कंपनीचा बचाव होता. १९७१ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की स्त्रियांसाठी एक आणि पुरुषांसाठी दुसरी अशी नेमणुकीची धोरणे १९६४ च्या नागरी हक्क कायद्यात बसत नाहीत. कनिष्ठ न्यायालयाने हा बचाव मान्य केला होता, यावरून तो किती पटण्याजोगा वाटतो हे ध्यानी यावे.

उपशय

लक्षणे स्पष्ट नसलेल्या व्याधीची परीक्षा उपशय-अनुपशयाने करावी, असे चरकाचार्य सांगतात. इतर सर्व गोष्टी तशाच ठेवून एकच गोष्ट बदलावी आणि परिणाम पाहावा. समाजशास्त्रज्ञांनी नेमके हेच केले आहे.

मारियान बर्ट्रांड व सेंधिल मुल्लैनाथन यांनी बोस्टन व शिकागो या शहरांतील सुमारे तेराशे जाहिरातींना जवळजवळ पाच हजार काल्पनिक अर्ज पाठविले. शिक्षण व अनुभव तुल्य ठेवले. नावे तेवढी बदलली. काही नावे गोऱ्या समाजात रूढ असलेली होती, तर काही कृष्णवर्णीय समाजात. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की गोरे वाटणारे नाव असल्यास साधारण दहा अर्जांमागे एक बोलावणे आले, तर कृष्णवर्णीय वाटणारे नाव असल्यास पंधरा अर्जांमागे एक. अधिक चांगला बायोडाटा पाठविल्याचा लाभ गोऱ्या नावांना ठळकपणे झाला, कृष्णवर्णीय नावांना मात्र तो फारसा मिळाला नाही. 'आम्ही सर्वांना समान संधी देतो' असे जाहिरातीत छापणाऱ्या कंपन्याही इतरांहून वेगळ्या वागल्या नाहीत.

असाच प्रयोग भारतात सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी केला. इंग्रजी वृत्तपत्रांतील खाजगी क्षेत्राच्या ५४८ जाहिरातींना एकूण ४,८०८ अर्ज पाठविण्यात आले. सारख्याच पात्रतेचे अर्ज, परंतु एकावर उच्चवर्णीय हिंदू वाटणारे आडनाव, दुसऱ्यावर दलित समाजातील आणि तिसऱ्यावर मुस्लिम नाव. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावास बोलावणे येण्याची संधी-गुणोत्तराने सुमारे दोन-तृतीयांश, तर मुस्लिम नावास सुमारे एक-तृतीयांश असल्याचे आढळले. हे सर्व मुलाखतीपूर्वी, चेहरा दिसण्याआधी घडले. त्यामुळे 'बोलण्याची ढब' किंवा 'व्यक्तिमत्त्व' यांवर खापर फोडण्याची येथे सोय नाही.

लिंगभेदाच्या संदर्भात २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग असाच बोलका आहे. अमेरिकेतील विद्यापीठांच्या १२७ विज्ञान प्राध्यापकांना प्रयोगशाळा-व्यवस्थापक पदासाठीचा एकच अर्ज पाठविण्यात आला. काहींच्या प्रतीवर जॉन, तर काहींच्या प्रतीवर जेनिफर असे नाव होते. जॉन अधिक कार्यक्षम ठरला, आणि त्यास सरासरी ३०,२३८ डॉलर वार्षिक वेतन सुचविले गेले. जेनिफरला २६,५०८ डॉलर. शब्दन्‌शब्द तोच अर्ज, आणि परीक्षक कोण, तर वस्तुनिष्ठतेचे शिक्षण घेतलेले शास्त्रज्ञ! विशेष म्हणजे स्त्री-प्राध्यापकांनीही पुरुष-प्राध्यापकांइतकाच भेद केला. म्हणून 'आमच्या निवड समितीत एक भगिनी होत्या' एवढ्याने निर्दोषत्व सिद्ध होत नाही.

संप्राप्ति

हेतूपासून व्याधीपर्यंतचा प्रवास कसा होतो? दोषांचा संचय, मग प्रकोप, मग प्रसर, अशा सुश्रुतोक्त क्रियाकालांची येथे आठवण होते. आधी समज साठतात. ते लहानपणापासून घरात, शाळेत, पंक्तीत साठलेले असतात. त्यांचा प्रकोप निर्णयाच्या क्षणी, विशेषतः वेळ थोडा आणि अर्ज फार असताना होतो. मग ते संस्थाभर पसरतात, कारण आधीचे कर्मचारी आपल्याच ओळखीची माणसे आणतात. 'आपल्यातला आहे, विश्वासू आहे' या शिफारशीवर चिकित्सालये भरतात. शेवटी हे दोष स्थानसंश्रय करतात, म्हणजे कोणते काम कोणाचे, हे ठरून जाते.

आपल्याच वास्तूत डोकावून पाहू. अनेक पंचकर्म केंद्रांत तपासणीच्या खोलीत एका प्रकारची आडनावे असतात, तर वमन-बस्तीनंतरची भांडी धुणाऱ्या मावशींची व स्वच्छता करणाऱ्या मामांची आडनावे वेगळ्या प्रकारची. पथ्याचा स्वयंपाक करण्यासाठी 'विशिष्ट' घरचीच बाई हवी असते. ही वाटणी कोणी लेखी आदेशाने केलेली नाही, म्हणूनच ती कोणास खटकत नाही. स्त्री-वैद्यांच्या बाबतीतही अशीच वाटणी दिसते. आयुर्वेद महाविद्यालयांच्या वर्गांत मुली मोठ्या संख्येने असतात, प्रावीण्य मिळवितात. परंतु त्यांना नेमताना 'स्त्री-रुग्णांसाठी' म्हणून नेमतात, आणि रुग्णालयाची सूत्रे हाती देताना मात्र पुरुषाचा शोध सुरू होतो.

येथे एक विवेक आवश्यक आहे. अभ्यंग, स्वेदन, उत्तरबस्ती यांसारख्या उपक्रमांत स्त्री-रुग्णासाठी स्त्री परिचारिका व पुरुष-रुग्णासाठी पुरुष परिचारक असावा, ही रुग्णाच्या लज्जेशी निगडित असलेली खरी गरज आहे. कामाच्या स्वरूपातून निघालेली ही अट भेदभाव नव्हे. परंतु ही गरज दाखवून सहायक वैद्य, औषधनिर्माता, व्यवस्थापक अशा पदांवरही 'पुरुषच हवा' असे म्हणणे, हा त्या गरजेचा गैरवापर होय. कसोटी सोपी आहे. ही अट नसेल तर रुग्णाचे काही बिघडेल काय? उत्तर 'नाही' असेल, तर ती अट आपल्या सवयीची आहे, कामाची नव्हे.

संहितांची साक्ष

आपल्या काही मित्रांना वाटेल की हे सारे पाश्चात्त्य विचार आहेत. तसे नाही. परंतु येथे प्रामाणिकपणे दोन्ही बाजू मांडल्या पाहिजेत.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद वर्णिले आहेत. त्यात वैद्याचे गुण म्हणून शास्त्राचे निर्मळ ज्ञान, कर्माचा विपुल प्रत्यक्ष अनुभव, दक्षता व शुचिता हे चार सांगितले. परिचारकाचे गुण म्हणून उपचाराचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी प्रेम व शुचिता हे चार सांगितले. नेमणुकीसाठी याहून नेमकी पात्रतासूची आजही मिळणे कठीण. या आठांत कुल नाही, वर्ण नाही, लिंग नाही.

मात्र दुसरी बाजूही आहे. त्याच सूत्रस्थानाच्या अखेरच्या अध्यायात आयुर्वेदाचे अध्ययन ब्राह्मण, क्षत्रिय व वैश्य यांनी करावे असे म्हटले आहे. सुश्रुतसंहितेत शिष्योपनयनाच्या प्रकरणी तीन वर्णांचा विचार असून, कुलगुणसंपन्न शूद्रासही मंत्र वगळून शिकवावे, हे केवळ काहींचे मत म्हणून नोंदले आहे. म्हणजे शास्त्राच्या दारावर त्या काळच्या समाजाचा पहारेकरी उभा होता. हे आपण झाकून ठेवू नये. रोगपरीक्षेत चरकाचार्यांनी जाती, कुल, देश, काल, वय यांचा प्रकृतीवरील प्रभाव सांगितला, परंतु तेथेच प्रत्येक व्यक्तीचे स्वतःचे असे वैशिष्ट्य स्वतंत्रपणे मोजण्यासही सांगितले. रुग्णाची दशविध परीक्षा करणारा, दोन सख्ख्या भावांनाही एकच मात्रा न देणारा वैद्य उमेदवारापुढे मात्र आडनावावर थांबतो. व्यक्तिपरीक्षा हा आपल्या शास्त्राचा आत्मा असेल, तर ही विसंगती आपल्यालाच अधिक लाजविणारी आहे.

शिवाय, पाटी पाहून पारखले जाण्याचे दुःख आपल्या व्यवसायास अपरिचित नाही. नावापुढील पदवीची अक्षरे पाहताच समोरच्याची नजर बदलते, हा अनुभव कित्येक वैद्यांनी मोठ्या रुग्णालयांच्या दारात घेतला आहे. पदवीतील फरक हा निदान शिक्षणातील तरी फरक असतो. जन्माने मिळालेल्या आडनावात व देहात तेवढाही आधार नसतो.

चिकित्सा

निदानपरिवर्जन ही पहिली चिकित्सा. यात कायद्याचा वाटा आहे. आपल्या राज्यघटनेचा सोळावा अनुच्छेद शासकीय नोकरीत धर्म, वंश, जात, लिंग, कुळ, जन्मस्थान व निवास यांवरून भेद करण्यास मनाई करतो; परंतु तो खाजगी मालकास थेट लागू होत नाही. स्त्री-पुरुषांत भरती व वेतन यांबाबत भेद करण्यास १९७६ च्या समान वेतन कायद्याने खाजगी क्षेत्रातही मनाई केली. त्या कायद्याची जागा २०१९ च्या वेतन संहितेने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. तीतही भरतीतील लिंगभेदास मनाई आहे. अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणास व्यवसायात वा नोकरीत आडकाठी करणे हा १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहे. परंतु अमेरिकेच्या १९६४ च्या कायद्याप्रमाणे खाजगी नेमणुकांतील वंश, जात, धर्म व लिंग या सर्व भेदांना एकत्रित मनाई करणारा सर्वंकष कायदा आपल्याकडे झालेला नाही.

कायद्याने लाभ होतो, तसा कधी कधी उपद्रवही उद्भवतो. २०१७ च्या दुरुस्तीने पगारी प्रसूतिरजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांची झाली. हे योग्यच झाले. परंतु दहा वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत या रजेचा आर्थिक भार बहुतांशी मालकावर पडत असल्याने, काही मालक स्त्रियांना नेमण्याचेच टाळतात. औषध योग्य, परंतु अनुपान चुकले की असे होते. हा भार समाजाने सामाईकपणे उचलण्याची मागणी रास्त आहे. त्यासाठी स्त्रियांना दारातून परत पाठविणे रास्त नाही.

कायद्याची वाट न पाहता आपापल्या चिकित्सालयात करण्यासारखे उपाय पुढीलप्रमाणे सुचवावेसे वाटतात.

पहिला, जाहिरातीत काम, पात्रता, वेळ व वेतन स्पष्ट लिहावे. लिंग, वैवाहिक स्थिती, समाज यांचा उल्लेख कामाच्या खऱ्या गरजेशिवाय करू नये.

दुसरा, अर्जांची पहिली छाननी नाव, छायाचित्र, जन्मस्थान व वैवाहिक स्थिती झाकून करावी. लेखनिकाने प्रत्येक अर्जास क्रमांक देऊन वरचा भाग दुमडून ठेवला, तरी पुरे. परदेशांतील वाद्यवृंदांत उमेदवाराचे वादन पडद्याआडून ऐकण्याची पद्धत याच विचारातून रूढ झाली.

तिसरा, मुलाखतीचे प्रश्न आधी लिहून ठेवावेत आणि सर्वांना तेच, त्याच क्रमाने विचारावेत. रात्रपाळी आवश्यक असेल, तर 'आठवड्यातून दोन रात्री थांबावे लागेल, जमेल काय?' एवढाच प्रश्न स्त्री व पुरुष दोघांनाही विचारावा. 'घरचे काय म्हणतील?' हा प्रश्न कोणालाच विचारू नये.

चौथा, गप्पांपेक्षा कर्म पाहावे. नाडी, जिव्हा, कोष्ठ यांची परीक्षा करून एका रुग्णाचे टिपण लिहावयास द्यावे. पंचकर्म सहायकाकडून एक अभ्यंग करवून घ्यावे. गुण प्रत्येक परीक्षकाने स्वतंत्रपणे लिहावेत, चर्चा नंतर करावी.

पाचवा, नाकारलेल्या उमेदवाराविषयीचे कारण एका ओळीत नोंदवहीत लिहावे. जे कारण लिहिताना हात अडखळेल, ते कारण खरे नव्हे, हे आपले आपल्यालाच कळते. वर्षाअखेरीस ती वही उघडून पाहावी.

या उपायांस खर्च जवळजवळ नाही. मात्र स्वभाव बदलण्याचे कष्ट आहेत, आणि आपल्या रुग्णांना पथ्य सांगताना आपण तेच कष्ट मागत असतो.

त्या वैद्य भगिनींची क्षमा मागण्याची संधी मला मिळालेली नाही. परंतु त्यानंतरच्या प्रत्येक मुलाखतीपूर्वी प्रश्नांचा कागद समोर ठेवण्याचा नेम मी पाळला आहे. त्या कागदामुळे माझे मन शुद्ध झाले, असा माझा दावा नाही. जुने समज अजूनही डोके वर काढतात. कागद त्यांना बोलू देत नाही, इतकेच. जीर्ण व्याधीत याप्य अवस्थाही असते. पथ्य सांभाळले तर रोगी नीट जगतो, पथ्य मोडले की रोग उलटतो. आपल्या संघटनेच्या सभासदांनी पुढील नेमणुकीच्या वेळी एवढे एकच पथ्य पाळून पाहावे आणि आलेला अनुभव या त्रैमासिकास अवश्य कळवावा, ही नम्र विनंती.